लांडग्यांनी ठेवलेला वाटा

क्लेमंटला जाऊन पाच वर्षं होत आली तरी लव्हीननं त्याचा निरोपाचा नाच केला नव्हता. गावात कुणी विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "मूस आहेत कुठं? लांडग्यांनी काही ठेवलं तर करीन ना."

उत्तर खोटं नव्हतं, तीच तर गोम होती. निरोपाचा नाच म्हणजे काही चार माणसांना चहा पाजणं नव्हे. मार्चमध्ये आठवडाभर अख्खं गाव एकत्र जेवणार, युकॉन नदीच्या वरच्या-खालच्या गावांतून गोठलेल्या पात्रावरून बर्फावर पळणारी स्नोमशीन हाकत पाहुणे येणार, सभागृहात स्प्रूसच्या झाडाचा खांब उभा राहणार आणि त्याच्याभोवती नाचून नाचून म्हाताऱ्यांचे पाय सुजणार. आणि दर जेवणाला वाडग्यात मुसाचं मांस हवं. सामन मासा असतो, बीव्हर नावाचं नदीतलं जनावर असतं, दुकानातलं डबाबंदही असतं. पण घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं ते हरीण पातेल्यात शिजलं नाही, तर गेलेल्याला अर्धपोटी वाटेला लावल्यासारखं होतं. त्यासाठी चार-पाच जनावरं तरी लागतात, एकानं कुणाचंच भागत नाही.

शेवटच्या संध्याकाळी विधवेनं स्वतः शिवलेले नवे कपडे तिनंच निवडलेल्या माणसाच्या अंगावर चढतात. कपडे चढले की तो माणूस तो उरत नाही, गेलेलाच परत आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारोदार जाऊन सगळ्यांशी हात मिळवतो, निरोप घेतो, आणि मग खरोखर जातो. तोवर तो इथंच असतो, घराच्या आसपास. लव्हीननं या कामासाठी गुडविनला सांगून ठेवलं होतं. तीस वर्षं क्लेमंट आणि गुडविन एकाच रानात सापळे लावत आले होते, आणि क्लेमंटचं हृदय नोव्हेंबरच्या एका दुपारी त्याच रानात थांबलं तेव्हा बर्फावरच्या स्लेजवर घालून त्याला घरी आणणारा गुडविनच होता. अशा कामाला नाही म्हणत नाहीत. त्यानं मान डोलवली आणि तेव्हापासून तो बिचारा वाट बघत होता.

क्लेमंटचा हात लांडग्यावर बसलेला होता. लांडगा ही भलती हुशार जात. सापळ्याला माणसाच्या हाताचा वास आला तर तो आठवडाभर त्या वाटेला फिरकत नाही, आणि वर सापळ्याशेजारी घाण करून जातो, म्हणजे आपण काय लायकीचे आहोत ते आपल्याला कळावं. क्लेमंट दर हिवाळ्यात नदीपलीकडच्या दलदलीतून सहा-सात तरी आणायचा. तो गेला आणि पलीकडे सापळा लावणारं कुणी उरलं नाही. तरण्यांना येत नव्हतं, म्हाताऱ्यांना झेपत नव्हतं, आणि गुडविनचा गुडघा कामातून गेला होता. पहिल्याच उन्हाळ्यात लांडग्यांचे कळप वाढले. जूनमध्ये वाळूच्या पट्ट्यावर मुसाच्या मादीमागं दोन पिल्लं दिसायची, ऑगस्टमध्ये एक, आणि पहिल्या बर्फात बघावं तर मादी एकटीच. म्हातारे मूस हिंडत होते, पण त्यांच्यामागून येणारं कुणी नव्हतं. माणसं पिंपभर पेट्रोल जाळून रिकाम्या होड्या घेऊन परत येऊ लागली.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गणतीवाला आला. हा दर काही वर्षांनी छोट्या विमानातून रानावर घिरट्या घालतो, बर्फावरची जनावरं मोजतो आणि मग सभागृहात नकाशा टांगून आपल्यालाच आपलं रान समजावून सांगतो. माणूस वाईट नाही. "दहा पिल्लं जन्मली तर त्यातली दोनच हिवाळा बघतायत," तो म्हणाला. "काही अस्वलं नेतात, पण पुष्कळशी लांडगे."

"हे सांगायला विमानानं आलास होय?" सेलिया आत्यानं पहिल्या रांगेतून विचारलं. ही क्लेमंटची आत्या, वय पंच्याऐंशी, जिभेला हाड नाही. "माझ्या कुत्र्याला विचारलं असतंस तर त्यानं घरबसल्या सांगितलं असतं."

सगळे हसले, गणतीवालाही हसला. मग तो म्हणाला, "मूस कमी झाले की लांडगेही उपाशी पडतात, तेही कमी होतात. पण त्याला वेळ लागतो, आजी. आणि मुसांची संख्या एकदा तळाला गेली की थोडे लांडगेसुद्धा तिला वर येऊ देत नाहीत. जन्मेल तेवढं खाऊन टाकतात. तसंच चालू राहिलं तर दहा वर्षंही जातील."

सभागृहात सगळ्यांची तोंडं उतरली. लव्हीनला मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दहा वर्षं. दहा वर्षं कुणी तिला विचारणार नव्हतं. आणि पुढच्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली. शेजारी पोरंबाळंवाली माणसं हिवाळ्यात काय खायचं म्हणून कपाळाला हात लावून बसली होती, आणि ही बया मनातून सुखावली होती. तिनं वर पाहिलं तर समोरच्या भिंतीशी टेकून उभा असलेला गुडविन तिच्याकडेच बघत होता.

खरं काय ते आता सांगून टाकावं. तिला क्लेमंट हवा होता. तिला त्याला कुठंही लावून द्यायचं नव्हतं. सकाळी कॉफी करताना ती त्याच्याशी बोलायची, पाणी किती चढलंय, कुणाची पोर कुणाबरोबर फिरते, स्टोव्हचं धुराडं कसं चोंदलंय. वाऱ्यानं दार वाजलं की "दार लावून घे, थंडी येते," म्हणायची. तो नाही हे तिला कळत होतं, ती काही वेडी नव्हती. पण तो गेलाही नव्हता. नाच झाल्यावर एवढंही बोलायची सोय उरणार नव्हती. नंतर गेलेल्याला मागं ओढणारं बोलत नाहीत, त्याची वाट बिघडते. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यातून तिच्या हातात एवढंच उरलं होतं की लांडगे मूस खातात.

पण गुडविन होता ना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, जरा पलीकडे जाऊन येतो."

आमच्याकडे कशाला जातोय ते बोलत नाहीत. जनावरांना ऐकू येतं, आणि बढाई त्यांना आवडत नाही. पण अडुसष्ट वर्षांचा, एक गुडघा कायमचा रुसलेला माणूस स्लेजवर क्लेमंटचे जुने सापळे बांधून पलीकडे जातो, तो काही हवापालटासाठी जात नाही.

"भाऊजी, तुमच्या गुडघ्याला विचारलंत का?" लव्हीन म्हणाली.

"त्याला घरीच ठेवणार होतो. ऐकत नाही, येतोच म्हणतो."

त्या हिवाळ्यात त्यानं सहा लांडगे आणले, पुढच्या हिवाळ्यात सात. कातडी तिच्याकडे टाकायची, कॉफी प्यायची आणि जायचं. एकदा तिनंच विचारलं, "सगळेच संपवणार का?"

"छे. सगळे संपवायचे नसतात. लांडगा मुळीच नसला तर मूस इतके माजतात की विलोच्या झुडपांच्या फांद्या ओरबाडून खातात, आणि मग स्वतःच उभ्या उभ्या वाळतात. क्लेमंट चार-पाच मुद्दाम सोडायचा. म्हणायचा, त्यांचंही घर आहे." त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, एक सांगू? माझ्या अंगावर त्याचे कपडे चढवायचे असतील तर लवकर चढव. नाहीतर आम्हा दोघांचा नाच एकदमच उरकावा लागेल."

ती हसली. कप उचलून धुवायला नेला.

पिल्लं जगू लागली. चौथ्या वर्षी पहिल्या बर्फातही मादीमागं दुसऱ्या पावलांचा माग दिसायला लागला. पाचव्या शरदात गावानं चार मूस मारून आणले, आणि प्रत्येक घरानं न मागता त्यातला मोठा वाटा लव्हीनच्या फ्रीझरमध्ये आणून टाकला. "क्लेमंटसाठी," म्हणायचे आणि जायचे. फ्रीझर भरत आला. कपडेही शिवून तयार होते, हातमोजे, बूट, पार्का हा टोपीवाला जाड कोट. टोपीभोवतीची लांडग्याच्या कातड्याची झालर तेवढी राहिली होती. ती तिनं दोनदा लावली आणि टाका नीट आला नाही म्हणून दोनदा उसवली. जिच्या टाक्याचं नाव नदीकाठच्या दहा गावांत घेतात, तिचा टाका नीट येत नव्हता.

"अजून मांस पुरणार नाही," ती म्हणत राहिली. "लांडग्यांनी..."

"लांडग्याच्या नावावर किती दिवस बिल फाडणार गं?" सेलिया आत्या म्हणाली. "तो रानात बसून ऐकतोय. त्यालाही काही अब्रू आहे."

सप्टेंबरच्या शेवटी दोघी नदीकाठच्या मासळीच्या तळावर होत्या. सामनचा हंगाम सरला होता, जाळी गुंडाळायची, धुरी देण्याची खोपटी बंद करायची, एवढंच काम उरलं होतं. त्या सकाळी लव्हीन बाहेर पातेलं घासत होती. पाठीमागं विलोची पानं हलली आणि एक तरणा मूस बाहेर आला. वीस पावलांवर येऊन उभा राहिला. अंगानं भरलेला, नुकतीच शिंगं फुटायला लागलेला. पळाला नाही, बिचकला नाही. तिच्याकडे बघत उभा राहिला.

आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल, जनावर असं येत नाही. असं आलं तर ते स्वतःला द्यायला आलेलं असतं, आणि ज्याच्या दारात येतं त्यानं ते घ्यायचं असतं. बंदूक खोपटाच्या खुंटीला होती, दोन पावलांवर. लव्हीनला नेम धरता येत होता, क्लेमंटनंच शिकवला होता. हा आला की पाच झाले. पाच झाले की कुठलीच सबब उरत नव्हती.

तिनं हातातलं पातेलं पळीनं बडवायला सुरुवात केली. "जा इथून. जा म्हणते ना."

मूस हलला नाही. तिनं जळणाचं एक लाकूड उचलून फेकलं, ते त्याच्या पुढच्या पायाशी पडलं. त्यानं त्याचा वास घेतला, मान वळवली आणि सावकाश, जसा आला तसा विलोत निघून गेला. तो पळाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती वळली. सेलिया आत्या दारात काठी टेकून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. लव्हीनला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार.

"चहा ठेव," आत्या म्हणाली.

चहा झाला. आत्यानं तो बशीत ओतून सावकाश संपवला. मग म्हणाली, "आलेल्याला हाकललंस."

"हो."

"आणि जायचंय त्याला धरून ठेवलंयस."

लव्हीननं रिकामी बशी उचलली.

"तुला वाटतं तू त्याला घरात ठेवलंयस. पोरी, त्याला घरात येता येतं का? पाच वर्षं बाहेर उभा आहे तो, बूट घालून. आत येता येत नाही आणि तू सोडल्याशिवाय वाटेला लागता येत नाही. त्याला थंडी वाजत असेल, हे कधी आलं का तुझ्या मनात?"

हे कधीच आलं नव्हतं. लव्हीननं पदराआड तोंड लपवावं तसं एप्रनमध्ये तोंड घातलं आणि ती रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा आवाज काढून रडली.

"तो गेल्यावर मी बोलू कुणाशी, आत्या?"

"माझ्याशी बोल की. मी काय मेलेय? अजून तरी नाही."

तिसऱ्या दिवशी गुडविनची होडी तळाला लागली. तो उतरला तोच लंगडत आणि घाईनं. "खालच्या वळणावर कावळे गोळा झालेत," तो म्हणाला. "जाऊन बघितलं. चार लांडगे असावेत. मूस पाडलाय. आतडी खाल्लीत, पुढचा एक पाय खाल्लाय, बाकी सगळं तसंच टाकून गेलेत. मी पोहोचायच्या आधीच गेलेले. माग थंड होता."

"भुकेला लांडगा मांस टाकून जात नाही," लव्हीन म्हणाली.

"नाहीच जात," आत्या म्हणाली. "आपल्यासाठी ठेवलं तर मात्र जातो. फार पूर्वी तो माणसांतच राहायचा, आपल्याबरोबर शिकार करायचा. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा ठरलं, त्यानं मारलं तर आपला वाटा ठेवायचा, आपण मारलं तर त्याचा. तो विसरला नाही. आपल्यातलेच काही विसरतात." शेवटचं वाक्य कुणासाठी होतं हे सांगायला नको.

लव्हीन होडीत बसली. वळणावर पोहोचल्यावर तिनं त्याला लांबूनच ओळखलं. तोच तो, नुकती शिंगं फुटलेला. गुडविननं वाकून त्याचे दात बघितले. "सव्वादोन वर्षांचा असेल," तो म्हणाला. "मी क्लेमंटचे सापळे घेऊन पहिल्यांदा पलीकडे गेलो, त्याच्या पुढच्याच जूनमधला."

तिला हिशेब कळला. हा म्हातारा दुखऱ्या गुडघ्यानं बर्फ तुडवत गेला म्हणून हे पिल्लू जगलं होतं. जगून, वाढून तिच्या दारात आलं होतं आणि तिनं ते लाकूड मारून घालवलं होतं. आणि ज्यांना पाच वर्षं तिनं सगळ्या गावादेखत दोष दिला, त्यांनी ते पाडून, थोडंसं खाऊन, बाकीचं तिच्यासाठी ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

तिनं चाकू घेतला. गुडविन पुढं झाला तर म्हणाली, "मी करते. तुम्ही बसा." तिनं कातडं सोललं, मागचे पाय सोडवले, पाठीचं मांस काढलं. बरगड्यांची एक बाजू आणि चरबीचा चांगला मोठा तुकडा तिनं तिथंच विलोच्या फांद्यांवर ठेवला, लांडग्यांचा वाटा म्हणून. आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुझं नाव उगाच घेतलं मी. रागावू नकोस."

होडीत मांस भरून झाल्यावर तिनं नदीत हात धुतले. पाणी बर्फासारखं होतं, बोटं बधिर झाली.

"भाऊजी, मार्चमध्ये करू," ती म्हणाली.

गुडविननं इंजिनाची दोरी हातात घेतली. ती न ओढता तो नदीकडे बघत बसला. क्लेमंट त्याचाही तीस वर्षांचा सोबती होता, हे लव्हीनच्या तेव्हा लक्षात आलं. "गुडघ्याला सांगतो," तो म्हणाला. "तोवर टिक म्हणून."

मार्चमध्ये नाच झाला. पाहुणे इतके आले की शाळेच्या वर्गांतही अंथरुणं टाकावी लागली. मांस पुरलं आणि उरलं, माणसं जाताना पिशव्या भरभरून घेऊन गेली. शेवटच्या संध्याकाळी लव्हीननं आपल्या हातानं एकेक कपडा पुढं केला आणि बायकांनी तो गुडविनच्या अंगावर चढवला. झालर या वेळी एकाच बैठकीत लागली होती. पार्का क्लेमंटच्या मापाचा होता, गुडविनला खांद्यात सैल. पण तो उठून उभा राहिला तेव्हा सभागृहात एकदम शांतता झाली, कारण उठला तो क्लेमंटच होता. जरासा डावीकडे झुकून, दाराकडे नजर लावून, आत बसून कंटाळलेला. बायका रडायला लागल्या. तो कुणाकडे न बघता बाहेर गेला, नदीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं आणि कडाक्याची थंडी. तो वरच्या आळीपासून एकेका घराशी थांबत आला. हात मिळवायचा, कुणी पुढं केलेल्या कपातून घोट घ्यायचा, पुढं व्हायचं. सेलिया आत्यानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि चक्क काही टोमणा मारला नाही. लव्हीनचं घर शेवटचं होतं.

ती दारात उभी होती. त्यानं हातमोजा काढला आणि हात पुढं केला. तिनं तो धरला. सापळ्यात सापडून अर्धं झालेलं करंगळीचं बोट, ते गुडविनचं, तिला माहीत होतं. आणि तरी हात क्लेमंटचा होता. चाळीस वर्षांत तिनं त्याला हजारदा विचारलं असेल, कधी येणार, किती वाजता येणार, इतका उशीर का झाला. आता विचारण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावर माणसं उभी होती. आमच्या गावात जाणारा आपला हात ओढून घेत नाही. मागं राहणाऱ्यानंच तो सोडायचा असतो, आणि त्याला लागेल तेवढा वेळ जाणारा थांबतो.

तो थांबला. गार वाऱ्यात तिचा हात लाल झाला, तरी थांबला.

"जातो," तो म्हणाला.

"पोटभर जेवलास ना?"

"जेवलो."

"मग जा," लव्हीन म्हणाली, आणि तिनं हात सोडला.

तो वळला आणि रस्त्यानं नदीकडे चालू लागला. त्याला मागं वळून बघायचं नसतं, त्यानं बघितलं नाही. ती दारातच उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. शेवटचं घर मागं पडलं, तो काठावरून खाली उतरला आणि दिसेनासा झाला, तरी तिनं त्याला हाक मारली नाही.